माहेरची कालवं

आंबेवेळच्या खाडीतली कालवं मरायला लागली तेव्हा मी रत्नागिरीला प्रयोगशाळेत भलत्याच खाडीचं पाणी तपासत बसले होते, आणि माझी थोरली बहीण फोनवर माझा उद्धार करत होती. तिला आम्ही बाय म्हणतो. आंबेवेळ तिचं सासर. तिथल्या बायकांच्या कालवं पाळणाऱ्या गटाची ती अध्यक्ष, आणि अध्यक्ष नसती तरी सगळ्यांना ओरडलीच असती.

"दोर वर काढलो की अर्धी कालवां आ वासान पडलेली," ती म्हणाली. "आत मांस नाय, नुसता पाणी. तुझा ता यंत्र घेवन ये आधी."

"बाय, यंत्रात कीड दिसली तर काय होतं माहीत आहे ना तुला?"

"म्हायत आसा. म्हणानच तुका बोलवतंय. परक्याक बोलवून काय करू?"

म्हणजे तिची समजूत अशी, की धाकटी बहीण सोबत असली म्हणजे यंत्र जरा सांभाळून बोलेल. मी वरिष्ठांना सांगितलं, ही माझ्या बहिणीची खाडी आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. ते म्हणाले, "यंत्र बघतं, तुम्ही नाही." असलं उत्तर देणाऱ्या माणसाला खाडीच्या चिखलात कमरेपर्यंत उभं करायला हवं. पण बोलून उपयोग नव्हता. मी गाडीत यंत्राची पेटी टाकली आणि निघाले.

ही कीड म्हणजे पर्किन्सस नावाचा एकपेशीय परजीवी. माणसाला त्याचं काही नाही. कालव खाल्लं, पचलं, विषय संपला. कालवाच्या अंगात मात्र तो शिरला की एक विकर, म्हणजे एन्झाइम, सोडतो, आणि ते विकर आतलं मांस कात्रीसारखं कातरत जातं. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असं करत तो इतका वाढतो, की शेवटी कालवाला आपला शिंपला मिटून धरायचीही ताकद उरत नाही. मग ते आ वासतं आणि मरतं, आणि त्याच्यातून निघालेल्या नव्या पेशी पोहत पोहत शेजारच्या कालवात जातात. समुद्र तापत चाललाय तसा हा परजीवी माजत चाललाय. गेल्या काही वर्षांत आमच्या किनाऱ्यावरच्या निम्म्या खाड्या त्याने खाल्ल्या.

त्यावर सरकारने कायदा आणला आणि आम्ही यंत्र आणलं. यंत्राचं नाव मागोवा. भाकरीच्या डब्याएवढं आहे. त्यात खाडीचं वाटीभर पाणी घातलं, की पाण्यात तरंगणारे डीएनएचे तुकडे ते वाचतं. कीड आहे की नाही ते सांगतंच, पण ती कुठल्या खाडीची तेही सांगतं. कारण परजीवी स्वतःची नक्कल करताना बारीकसारीक चुका करतो, आणि दर खाडीतल्या चुका वेगळ्या. आपण नाही का, समोरच्याने तोंड उघडलं की हा वेंगुर्ल्याचा, तो देवगडचा, असं ओळखत? मागोवा तसंच किडीचं बोलणं ऐकून तिचं गाव ओळखतं.

कायदा सरळ होता. कीड सापडली की त्या खाडीतली सगळी कालवं मारायची. पाळलेली उकळत्या पाण्यात, खडकावरची खरवडून काढायची आणि वर चुना. एका खाडीतून दुसरीत कालव नेणं हा गुन्हा. ज्याने नेलं त्याला खाडीत पाय टाकायला जन्मभर बंदी. आमचं माहेर खारवण, तिथल्या खाडीवर असाच चुना पडला होता. बाय त्यानंतर माहेरी गेलेलीच नाही. आईवडील नाहीत, आणि खाडीही नाही, मग जाऊन करायचं काय, असं ती म्हणते.

मी पोचले तेव्हा किनारा रोगनियंत्रण पथकाचे नाईकनवरे साहेब जेटीवर आधीच उभे होते. साताऱ्याकडचा माणूस, सभ्य, बोटीत बसताना दोन्ही हातांनी काठ घट्ट धरणारा. त्यांनी बायला विचारलं, "ताई, बाहेरचं काही आणलं होतं का खाडीत? कालवांचं बी, मोठी कालवं, दोर?"

"नाय."

"नीट आठवा. कुणी बाईने गुपचूप..."

"साहेबानू, गटातली भारती शेजारच्या खाडयेतली बादलीभर शिनाणी घेवन इली, तर तिका मी गटातसून काढलंय. माझ्या खाडयेत बाहेरचां काय्येक येवक नाय."

शिनाणी म्हणजे एक जातीचे शिंपले, हे मी साहेबांना सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बायचा आवाज चढला आणि त्यांनी नाद सोडला.

कालवांचे दोर ज्याला लटकवलेले असतात त्या तराफ्याशेजारचं पाणी मी पेटीत घातलं. बायका काठावर जमल्या होत्या. पडदा उजळला. कीड होती, भरपूर होती. खाली तिचं गाव उमटलं आणि मी ते पुन्हा एकदा वाचलं, मग पाणी बदलून यंत्र परत चालवलं. तेच.

"कुठली?" साहेबांनी विचारलं.

"खारवण."

बायने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिच्या कानाखाली वाजवली, आणि माहेराला नाव ठेवलं म्हणून पुढचं न ऐकता तरातरा निघून गेली.

"खारवण तर इथून पाऊण दिवसाच्या वाटेवर आहे," साहेब म्हणाले. "मध्ये तीन खाड्या स्वच्छ. पाण्यातून आली असती तर आधी तिथे लागली असती. ही कुणीतरी हाताने आणलीय, मॅडम." मग हळूच म्हणाले, "उद्याच्या ओहोटीला चुन्याच्या गाड्या येतील. तोवर कुणी आणली ते कळलं तर ठीक. नाही कळलं, तर अज्ञात व्यक्ती लिहून मोकळा होतो मी."

मला त्यांचा लळाच लागला त्या क्षणी. अज्ञात व्यक्ती तर अज्ञात व्यक्ती. कोण मेलं उकरत बसतंय.

पण मोजदाद करायची होती, म्हणून मी एकेक दोर वर ओढून बघत गेले. सगळीकडे मरण. वासाने डोकं उठलं. आणि समुद्राकडच्या कोपऱ्यातला शेवटचा दोर वर घेतला, तर त्याला लटकलेली कालवं ठणठणीत. तळहातापेक्षा मोठी, शिंपले गच्च मिटलेले. कोयतीचं टोक लावलं तर अशी आवळून बसली की विचारू नका. भोवती सगळं मसण आणि ही आपली खाऊनपिऊन सुखी.

बाय जेटीजवळच्या शेडमध्ये बायकांसाठी चहा गाळत होती. मी तिला बाजूला घेतलं.

"त्या खालच्या कोपऱ्यातल्या दोराला काय बांधलंयस तू?"

"खंयच्या? ती मोठी कालवां?" सकाळपासून पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. "जिती आसत ती? देव पावलो गो! ती ओटी."

"कसली ओटी?"

"नवो तराफो पाण्यात सोडलो तेव्हा खाडयेची ओटी भरूक नको? नारळ, तांदूळ, हळदकुंकू. म्हटलां, ओटयेत माहेरचां पण कायतरी व्हया. खारवणाक गेल्लंय तेव्हा आपल्या धोंडीवरची कालवां काढून आणलंय. चुनो पडाच्या आदल्या वर्सा. ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडयेर घेतलंय आणि इष्टीन इलंय."

मी तिथेच पाटावर बसले.

"बाय. साहेबांनी तुला तीनदा विचारलं. बाहेरचं काही आणलं का म्हणून."

"मगे? बाहेरचां खंय आणलंय? माहेरचां आणलंय."

तिच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. ती खोटं बोललीच नव्हती. भारतीची शिनाणी बाहेरची, सरकारचं बी बाहेरचं, साहेब स्वतः बाहेरचे. माहेर बाहेरचं कसं असेल? एका अक्षराचा फरक, आणि अख्खी खाडी मेली. मला हसू आलं आणि त्याच दमात तिचं डोकं फोडावंसं वाटलं.

माझं तोंड बघून तिला हळूहळू उमगलं. चहाची गाळणी तिच्या हातातच राहिली.

"माझ्यामुळे?"

मी मान डोलावली.

"ह्या सगळ्यो बायको..." ती खालच्या आवाजात म्हणाली. "भारतीक मी चारचौघांत काय नाय ता बोललंय. तिचो घोव पाया पडाक इल्लो, तरी घेवक नाय परत." तिने माझं मनगट धरलं. "मयू, साहेबाक सांगू नको. खाडीत जावक मिळाला नाय तरी एक वेळ चलात, पण ह्यांच्यासमोर नको. तुका आयेची शपथ."

"नाही सांगणार," मी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. माझी एकच बहीण आहे.

इथेच गोष्ट संपायला हवी होती. पण एक प्रश्न माझ्या डोक्यात किटकिट करत होता. कीड त्याच कालवांनी आणली, तर ती स्वतः का मेली नाहीत?

त्यांतल्या एकाच्या शिंपल्याला बारीक भोक पाडून मी रक्ताचा थेंब काढला आणि पेटीत घातला. मागोवा जिवंत पेशीतल्या आरएनएवरून कुठला जनुक किती कामाला लागलाय तेही सांगू शकतं, फक्त तसं कुणी त्याला विचारत नाही. कायद्याला कीड आहे की नाही एवढंच हवं असतं. उत्तर आलं. कीड त्या कालवात होती, पण चवीपुरती. आणि एक प्रथिन इतकं भरभरून तयार होत होतं, की मला आधी यंत्र बिघडलं असं वाटलं. हे प्रथिन किडीच्या त्या विकराला जाऊन चिकटतं. कात्रीच्या पात्यांत बारका खडा अडकला की कात्री उघडीच राहते, तसं. कातरणं बंद, म्हणजे किडीचं जेवण बंद, म्हणजे वाढ बंद.

असलं कालव आम्ही वर्षानुवर्षं शोधत होतो. सरकारी केंद्रातून पाळायला मिळणारं बी म्हणजे सगळी एकाच साच्याची पोरं, कीड आली की झाडून मरतात. आणि खारवणच्या खाडीत, आमच्या घरासमोरच्या खडकांवर, कीड आणि कालवं कुणास ठाऊक किती पिढ्या एकमेकांना सांभाळून राहत होती. तिथे कालवं मरत नव्हतीच. यंत्राने कीड दाखवली, आणि खात्याने चुना ओतला. कीड असणं आणि आजार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. त्या वंशाची जगात उरलेली कालवं आता या एका दोरावर होती, आणि उद्याच्या ओहोटीला ती उकळत्या पाण्यात जाणार होती.

मी धावत साहेबांकडे गेले. नाव न घेता विचारलं, "इथली थोडी कालवं संशोधनासाठी जिवंत ठेवली तर?"

"परवानगी मुंबईहून येते, मॅडम. चारेक महिने धरा. चुना उद्या आहे."

चोरून न्यावीत? तो विचार मी केला, नाही कशाला म्हणू. पण उद्या त्यांच्यापासून बी तयार झालं, तर ते जाईल त्या प्रत्येक खाडीच्या वाटेवर बियाच्या गाड्या तपासायचा नाका आहे, आणि तिथे एक मागोवा बसलेलं आहे. ते बियाचं कूळ वाचणार, परवाना मागणार आणि गाडीच्या गाडी जाळायला लावणार. माझंच यंत्र मला चोर ठरवणार होतं.

साहेबांनी माझा चेहरा बघितला असावा. ते सहज बोलून गेले, "जिवंत राहायची एकच रीत आहे. गुन्हा दाखल झाला, की आणलेली कालवं मुद्देमाल. मुद्देमाल कुणाला मारता येत नाही. खटला चालेपर्यंत तुमच्याच प्रयोगशाळेच्या ताब्यात. कोर्टाच्या परवानगीने त्यांच्यावर तपासण्या करा, पोरं काढा, सगळं कायदेशीर. आणि आपल्याकडे खटला किती चालतो, ते मी सांगायला हवं का?" ते हसले. "पण त्याला आरोपी लागतो ना. अज्ञात व्यक्तीवर मुद्देमाल सांभाळता येत नाही."

ऊन डोक्यावर आलं होतं. मी परत शेडमध्ये गेले. बायका जेवायला घरी गेल्या होत्या, बाय एकटी भांडी घासत होती. मी तिला सगळं सांगितलं. कात्री, खडा, मुद्देमाल. ती ऐकत होती आणि पातेलं घासत होती. घासून झालेलं पातेलं पुन्हा घासत होती.

"म्हणजे तू माझा नाव घेतलंस तर ती जगतली," ती म्हणाली.

"हो."

"आणि नाय घेतलंस तर मी जगतलंय."

"तसं नाही गं..."

"तसाच आसा!" पातेलं तिने दणकन आपटलं. "तुका कालवां व्हयी काय बहीण व्हयी, ता सांग! खारवणाक चुनो ओतलास तेव्हा ती जिती हुती ना? तेव्हा तुमचा यंत्र काय बघी हुता?"

"जेवढं विचारलं तेवढंच बघत होतं."

"मगे आता मी पण जेवढा इचारल्यानी तेवढाच सांगलंय!"

आपटलेलं पातेलं मी उचलून पालथं ठेवलं.

"बाय, सगळा किनारा मरतोय," मी म्हणाले. "तुझ्यासारख्या शेकडो बायका आहेत. त्यांच्या खाड्या..."

"माका किनारो सांगू नको. शपथ घेतलंस तू." ती रडत नव्हती. तिचे डोळे कोरडे, लालभडक होते. "नाव घेतलंस तर माझ्या दारात पाय ठेवू नको. सांगान ठेवतंय."

मी बाहेर येऊन जेटीवर बसले. खरं सांगते, मला त्या कालवांचा राग आला. साहेबांचा आला, कायद्याचा आला. एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर ओटी भरायची बुद्धी हिलाच कशी झाली, म्हणून बायचा तर सगळ्यात जास्त आला. आई गेल्यावर हिने मला वाढवलं. माझ्या पहिल्या परीक्षेच्या फीसाठी हीच चिखलात उभी राहून कालवं फोडत होती. तिला चारचौघांत आरोपी म्हणायचं, आणि तेही मी? दुपारभर मी मनाशी ठरवत होते, गप्प बसायचं. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला, तपासणीचा तुमचा जबाब सकाळी घेऊ. तरीही मी गप्पच बसणार होते.

सकाळी ओहोटी लागली. चुन्याच्या गाड्या जेटीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, पाण्याच्या टाकीखाली जाळ लागला. सगळा गट जमला होता. मागे, जरा लांब, भारतीही होती. पथकाच्या माणसांनी पहिले दोर ओढून टाकीत सोडले. शिंपले पाण्यात तडकत होते. आवाज ऐकवत नव्हता. एकेक दोर करत ते समुद्राकडच्या कोपऱ्याकडे सरकत गेले. त्यांतल्या एकाने शेवटच्या दोराला हात घातला.

"थांबा," मी म्हणाले.

बाय माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"त्या दोरावरची कालवं खारवणची आहेत. कीड त्यांच्यातून आली. इथे आणली माझ्या बहिणीने. माझी तक्रार लिहून घ्या."

मग भारती पुढे येऊन म्हणाली, "अध्यक्षबाय?" एवढंच. त्यात कुचेष्टा असती तरी बरं झालं असतं. नुसतं आश्चर्य होतं. बायची मान खाली गेली. मी तिला कधी मान खाली घातलेली बघितली नव्हती, बाबा गेले तेव्हासुद्धा नाही.

नाईकनवरे साहेब कसनुसे झाले. त्यांनी खिशातून पेन काढलं. "ताई, हे खरं आहे का? तुम्ही नाही म्हणालात तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. तिला सुटायला वाट करून देत होते ते.

बायने मान वर केली आणि साहेबांना सोडून माझ्याकडे बघितलं.

"ती जगतली?"

"जगतील."

"त्यांका पोरां होतली?"

"लाखांनी होतील. कीड मारू शकणार नाही त्यांना."

"खारवणाक घालशीत ती?"

"आधी खारवणलाच घालीन."

टाकीतलं पाणी उकळत होतं. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या, आणि तिने एकेकीकडे बघून घेतलं. भारतीवर नजर जराशी जास्त थांबली.

"भारती, मी चुकलंय," ती मोठ्याने म्हणाली. "तुझी बादली बाहेरची आणि माझी ओटी घरची, असा नसता." मग साहेबांकडे वळली. "लिवा साहेबानू. मीच आणलंय."

साहेबांनी कागद मांडीवर घेतला. "नाव... श्रावणी उमेश मोंडकर."

"ता नको. ता सासरचा नाव. त्यांचो ह्यात काय संबंध? वनिता सदानंद कोयंडे लिवा."

"पण ताई, गटाच्या कागदावर..."

"दोन्ही लिवा मगे. पण वरती कोयंडे येवक व्हया."

साहेबांनी लिहिलं. मग ते थबकले, माझ्या छातीवरच्या ओळखपत्राकडे बघितलं आणि कागद माझ्यापुढे केला. वर आरोपी कोयंडे. खाली, तक्रारदार म्हणून, मी माझं नाव लिहिलं, मयूरी सदानंद कोयंडे, आणि सही केली. बापाचं नाव दोन्हीकडे तेच.

माणसांनी तो दोर थंड पाण्याच्या पिंपात उतरवला आणि झाकणावर लाखेचा शिक्का मारला. मी पिंपाला हात लावून उभी राहिले. बायला हाक मारावी म्हणून वळले, तर ती जेटीच्या पायऱ्या चढून गेली होती. साडी वर खोचलेली, पाय चिखलाने माखलेले. नळावर न थांबता ती तशीच घराकडे चालली होती, आणि त्या दारात पाय ठेवायची बंदी असलेल्या मला तिच्यामागे जाता येत नव्हतं.